अनारशावरची खसखस

आमची नणंद दुबईला असते. दर दिवाळीत तिला फराळाचा डबा जातो, आणि माझ्या आईच्या हातचे अनारसे तिला आवडतात म्हणून ते लालबागहून, माझ्या माहेरून जातात. आणि दर वर्षी आई तोच प्रश्न विचारते, "तिच्या अनारशांना खसखस लावायची नाही ना?" नाही लावायची. तिकडे खसखस न्यायला बंदी आहे. अमली पदार्थांच्या यादीत बसते ती. त्यामुळे नणंदबाईंच्या वाटणीचे अनारसे बोडकेच जातात. (वन्सं, हे वाचत असालच. राग मानू नका, नियम तुमच्याकडचा आहे!)

तर गेल्या दिवाळीआधीचा रविवार. आई अनारसे तळत होती, मी पोळपाटावर खसखस पसरून देत होते आणि मधूनमधून मांडीवरच्या कादंबरीत डोकं घालत होते. आईने विचारलं, "एवढं काय वाचतेस?" म्हटलं, "अफूवरची कादंबरी आहे. जुन्या काळातली, जहाजं, चीन वगैरे." आईने झारा कढईच्या काठावर टेकवला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "अफूवरची? मग त्यात आमच्या आजीचं काही आहे का?"

मी हसले. आई हसली नाही.

आईच्या या प्रश्नाकडे मी येणार आहे, पण जरा वळसा घालून. कारण त्या प्रश्नाने मला जो फेरा घडवला तो बराच लांबचा होता. माळवा, दमण, सिंध, चीन करून मी परत लालबागलाच आले.

आधी कादंबऱ्या. असल्या पुस्तकांची मला लहानपणापासून आवड. सुरुवात अर्थात बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडपासून. पुढे कॉलेजात 'किम' हाती आलं, मग काबूल-बुखाऱ्याची प्रवासवर्णनं, वेश पालटून फिरणारे गोरे साहेब, नकाशे, हेर, निरोपे. आणि अलीकडे अमिताव घोष. त्यांची 'सी ऑफ पॉपीज' 2008 साली आली, 'रिव्हर ऑफ स्मोक' 2011 ला आणि 'फ्लड ऑफ फायर' 2015 ला. पहिल्यात गाझीपूरकडची दीती आहे, जिचा नवरा कंपनीच्या अफूच्या कारखान्यात कामाला आहे. दुसऱ्यात मुंबईचा पारशी व्यापारी बहराम मोदी आहे, जो 1838 साली जहाज भरून अफू घेऊन कॅंटनला जातो. तिन्ही जाडजूड पुस्तकं मी दोनदोनदा वाचली आहेत.

या सगळ्या पुस्तकांची गंमत अशी की त्यातलं सगळं लांब घडतं. लाहोर, काबूल, कॅंटन, हाँगकाँग. दहा बाय बाराच्या खोलीत, पोटमाळ्यावर बसून वाचताना हेच तर हवं असतं. अफू म्हणजे कुठेतरी दूरची, धुराची, चिनी अक्षरांची गोष्ट. आपला तिच्याशी संबंध नाही.

पण संबंध आहे. 'किम' हीच गोष्ट घ्या. ते लिहिणारा किपलिंग मुंबईचा. 30 डिसेंबर 1865 रोजी जन्मला तो जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात, कारण त्याचे वडील तिथे शिकवायला होते. त्याच्या अगदी सुरुवातीच्या गोष्टींपैकी एक, 1884 सालची, लाहोरच्या अफूच्या अड्ड्यावर आहे. आणि ज्या शाळेच्या आवारात त्याचा पाळणा हलला ती 1857 साली उभी राहिली सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून. जमशेटजींचा पैसा कुठला? कापसाचा, आणि अफूचा.

इथून मी उलटं चालायला लागले.

अफू दोन ठिकाणची. एक बंगालची, म्हणजे खरं तर बिहार-बनारसकडची. तिथे कंपनीची मक्तेदारी. शेतकऱ्याला आगाऊ रक्कम द्यायची, माल पाटणा आणि गाझीपूरच्या कारखान्यांत आणायचा आणि कलकत्त्याला लिलाव करायचा. 'सी ऑफ पॉपीज'मधली अफू ही. दुसरी माळव्याची. माळवा कुणाचा? शिंद्यांचा आणि होळकरांचा. म्हणजे आपल्याच लोकांचा की! उज्जैन, इंदूर, मंदसोर, रतलाम या बाजूला पिकायची. शेतकऱ्याला कर्ज देणारे सावकार तिथले, माल घेणारे व्यापारी तिथले, आणि कंपनीचा त्यावर काही ताबा नाही.

पीक काढायची रीत मात्र दोन्हीकडे सारखी. फुलं गळून हिरवी बोंडं राहिली की दुपार उलटल्यावर त्यांना बारीक चिरा पाडायच्या. रात्रभर चीक पाझरतो. सकाळी तो काळपट झालेला चीक खरवडून गोळा करायचा. ती अफू. बोंडं पुढे झाडावरच वाळतात, आणि ती फोडली की आतून जे दाणे सांडतात ती आपली खसखस. एकाच बोंडात दोन्ही. दाण्यात नशा जवळजवळ नसतेच, म्हणून आपण ती अनारशावर लावतो आणि शिऱ्यासारखी खीर करून खातो.

1818 साली पेशवाई बुडाली. त्याच वर्षी जानेवारीत मंदसोरला होळकरांनी इंग्रजांशी तह केला. आता माळव्याची अफूही आपल्याच हातून जावी म्हणून कंपनीने खटपट सुरू केली. स्वतः खरेदी करून पाहिली, संस्थानिकांशी अफूपुरते करार करून पाहिले. होळकरांनी केला, शिंद्यांनी काही त्याला मान तुकवली नाही. आणि व्यापारी तर कंपनीच्या वरताण! ते माल आडवाटेने काढायचे आणि पोर्तुगीजांच्या दमणला नेऊन जहाजावर चढवायचे, तिथून मकाव. (आज मुंबईकर शनिवार-रविवार दमणला कशासाठी जातात ते सांगायला नको. दमणची परंपरा जुनी आहे.) शेवटी 1830 च्या सुमारास कंपनीने हात टेकले आणि वेगळी शक्कल काढली. खरेदी बंद. त्याऐवजी माल मुंबईमार्गे न्यायचा असेल तर प्रत्येक पेटीमागे पास घ्या. एका पेटीत साधारण 140 पौंड, म्हणजे 63-64 किलो अफू. पासाचा दर आधी 175 रुपये ठेवला. तरी लोक दमणच्या वाटेनेच जातात असं दिसल्यावर 1835 साली तो 125 वर आणला. म्हणजे चोरवाटेशी स्पर्धा करायला सरकारने सेल लावला!

दुसरी एक चोरवाट होती ती सिंधमधून कराचीची. आणि इथे माझी प्रवासवर्णनं कामाला आली. अलेक्झांडर बर्न्स हा मुंबईच्या फौजेतला तरुण अधिकारी 1831 साली सिंधू नदीतून वर लाहोरला गेला. निमित्त काय, तर इंग्लंडच्या राजाने रणजितसिंगांना भेट म्हणून धाडलेले भलेदांडगे घोडे पोचवायचे. खरं काम नदीची मोजमापं घेण्याचं. पुढे तो बुखाऱ्यापर्यंत गेला, 1834 साली त्याचं पुस्तक आलं आणि लंडनमध्ये गाजलं. 1841 च्या नोव्हेंबरात काबूलला जमावाने त्याला मारलं. हे सगळं मी पूर्वी साहस म्हणून वाचलं होतं. त्या नदीच्या दोन्ही तीरांचं पुढे काय झालं हे कधी डोक्यात आलं नव्हतं. 1843 साली इंग्रजांनी सिंध घेतला. कराचीची वाट त्यांच्या हातात आली. आणि मुंबईचा पास? त्याच वर्षी 200 रुपये, 1845 ला 300, 1847 ला 400. व्यापाऱ्याला दुसरी वाटच उरली नाही. घोडे पोचवायला गेलेल्या माणसाच्या गोष्टीला हे असं हिशेबाचं पान जोडलेलं आहे, आणि ते पान मुंबईचं आहे.

याच माळव्यातून आपलं एक फार लाडकं प्रवासवर्णन जातं. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास'. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयातून मी तो पुन्हा आणला. पेणजवळच्या वरसईचा हा गरीब भिक्षुक 1857 साली काकांबरोबर उत्तरेला निघाला. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळेल, घरचं कर्ज फिटेल, एवढाच बेत. महूच्या आसपास पोचतात तो बंड पेटलेलं, आणि पुढे ते थेट झाशीच्या वेढ्यात सापडले. 1883 साली त्यांनी हे लिहून काढलं, छापलं गेलं 1907 ला. बायजाबाई म्हणजे दौलतराव शिंद्यांच्या पत्नी. 1827 ते 1833 त्यांनी ग्वाल्हेरचा कारभार पाहिला, आणि त्यांची सावकारी पेढी उज्जैनला होती. उज्जैन म्हणजे अफूच्या सावकारीचं मोठं ठाणं. यंदा वाचताना माझं लक्ष पहिल्यांदाच वाटेकडे गेलं. वरसईचा भटजी ज्या मुलखातून दक्षिणेच्या आशेने वर चालला होता, त्याच मुलखातून अफूच्या पेट्या लादलेल्या गाड्या खाली मुंबईकडे येत होत्या.

आता मुंबईत येऊ. 1830 च्या दशकात कित्येक वर्षी माळव्याची अफू चीनला बंगालच्या अफूपेक्षा जास्त गेली. आणि ती नेणारे लोक फोर्टात, गिरगावात, भायखळ्याला राहात होते.

माझं सासर गिरगावचं. लग्न झाल्यापासून पंचवीसेक वर्षं मी चर्नी रोड स्टेशनवर चढते-उतरते आहे. चर्नी रोड नावाची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. इंग्रजांनी कॅम्प मैदानावर गुरं चारायला फी लावली, गरिबांची गुरं उपाशी मरायला लागली, तेव्हा जमशेटजींनी ठाकुरद्वारजवळ कुरण विकत घेऊन चरायला मोकळं सोडलं. चरणी म्हणून चर्नी. (ठाण्याच्या चेंदणीहून आलेल्या लोकांवरून हे नाव पडलं असंही एक मत आहे. आमच्या सासऱ्यांना ते बिलकूल मान्य नव्हतं.) जमशेटजींचा जन्म 1783 चा, घरची गरिबी. पाच वेळा चीनला गेले. 1805 च्या सफरीत फ्रेंचांनी जहाज पकडलं, त्यावर त्यांची ओळख झाली विल्यम जार्डीन नावाच्या जहाजावरच्या डॉक्टरशी. हाच तो पुढे जार्डीन मॅथेसन कंपनीचा जार्डीन, चीनच्या किनाऱ्यावरचा अफूचा सर्वांत बडा व्यापारी. आणि त्याचा मुंबईतला भागीदार-मित्र जमशेटजी.

1839 साली चिनी बादशहाचा अधिकारी लिन याने कॅंटनच्या व्यापाऱ्यांकडून 20,000 हून जास्त पेट्या जप्त करून नष्ट केल्या. त्यात मुंबईच्या व्यापाऱ्यांचाही माल होता. 'रिव्हर ऑफ स्मोक'मधला बहराम इथेच बुडतो. त्यावरून इंग्रजांनी युद्ध केलं, जिंकलं, आणि 29 ऑगस्ट 1842 रोजी नानकिंगचा तह झाला. तह झाला तो 'कॉर्नवॉलिस' या युद्धनौकेवर. ही नौका 1813 साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली! हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले होते. त्याच 1842 साली जमशेटजींना 'सर' ही पदवी मिळाली.

पुढचं मुंबईकराला पाठ आहे. जे. जे. हॉस्पिटल 1845 साली. त्याच साली माहीमचा कॉजवे. जमशेटजींच्या पत्नी आवाबाईंनी त्याला 1,57,000 रुपये दिले. त्याआधी माहीमहून वांद्र्याला जाणाऱ्या होड्या बुडायच्या, माणसं मरायची. आजही दादरहून वांद्र्याला जाताना आपण त्याच वाटेने जातो. मी काही जमशेटजींना नावं ठेवायला बसलेली नाही. माझ्या वडिलांचं ऑपरेशन जे. जे.त झालं, ते त्यानंतर वीस वर्षं जगले. पण त्या वेळी कॅंटनमध्ये कुणाचे तरी वडील अफूच्या चटईवर पडून संपले, हेही त्याच हिशेबातलं.

मग गिरण्या. मुंबईची पहिली कापड गिरणी 1854 साली कावसजी दावर यांनी ताडदेवला काढली. गिरण्यांना जे भांडवल लागलं ते कापसाच्या आणि अफूच्या चीन-व्यापारात मुरलेल्या पेढ्यांमधून बरंचसं आलं. ससूनांचंच पाहा. डेव्हिड ससून बगदादहून निघून 1832 च्या सुमारास मुंबईत आले. पुढच्या पिढीत त्यांच्या पेढ्या मुंबईच्या अफू-व्यापारात सगळ्यांच्या पुढे गेल्या. आणि त्यांच्याच घराण्यातल्या ई. डी. ससून कंपनीच्या गिरण्या परळ-लालबागला उभ्या राहिल्या. 1943 साली मालक बदलले आणि त्या झाल्या इंडिया युनायटेड. त्याच नावातली सहा नंबरची दादरची, तिला लोक इंदू मिल म्हणायचे.

म्हणजे पाहा, माळव्याच्या बोंडातला चीक चीनला गेला, त्याची चांदी झाली, आणि त्या चांदीतले थोडे रुळ, थोड्या चिमण्या, थोडे साचे होऊन लालबागला आले. इथपर्यंत वाचून मी खूश होते. आपल्या गल्लीचा जगाच्या इतिहासाशी धागा जुळला की कोण खूश होत नाही? छान लेख होईल असं वाटलं.

आणि मग आईचा प्रश्न आठवला.

आईची आजी, म्हणजे माझी पणजी, रत्नागिरीकडून लग्न होऊन लालबागच्या चाळीत आली आणि गिरणीत वाइंडिंग खात्यात लागली. (गिरणीचं नाव मुद्दाम देत नाही.) बायकांचा दिवस कायद्याने अकरा तासांचा. तान्हं मूल ठेवायला गिरणीत जागा नाही. खाडा झाला तर पगार कापायचा, आणि नायकिणीची मर्जी गेली तर कामही जायचं. मग मूल ठेवायचं कुठे? चाळीत शेजारच्या खोलीतल्या म्हातारीकडे. आणि ते अकरा तास शांत राहावं म्हणून जाताना त्याला बाळगोळी द्यायची.

बाळगोळी म्हणजे बाळगुटी नव्हे हं. बाळगुटी आपण सहाणेवर उगाळतो, हिरडा, बेहडा, वेखंड. बाळगोळीत अफू असायची. त्यात चोरटं काही नव्हतं. अफू सरकारी परवान्याच्या दुकानात उघड मिळत होती.

हे मला आजीने सांगितलं, ती जायच्या वर्षभर आधी, 1997 साली. आजीचा जन्म 1924 चा. तिच्या आधी पणजीला एक मुलगी झाली होती. 1921 साल. आठ महिन्यांची होती. त्या दिवशी पणजीने सकाळी गोळी देऊन तिला शेजारी ठेवलं. दुपारी पोर रडायला लागली, दात येत होते बहुतेक. सांभाळणाऱ्या म्हातारीला वाटलं, आज घाईत आई गोळी द्यायची विसरली. तिने दुसरी दिली. संध्याकाळी भोंगा झाल्यावर पणजी घरी आली तेव्हा पोर झोपलेलीच होती. पणजीने तिला उचललं नाही. दमली होती. म्हणाली, झोपू दे, तोवर भाकऱ्या टाकते. भाकऱ्या टाकून झाल्या, तिला उठवायला गेली...

आजी म्हणाली, "आई माझी कधी त्या म्हातारीला बोलली नाही. आणि म्हातारी तिला. पण दोघींनी पुढं एकमेकींकडं पाहिलं नाही. समोरासमोर दारं." आजीला आणि तिच्या भावंडांना मात्र पणजीने गोळी दिली नाही. गिरणी सोडली आणि खाणावळ घातली. पाच-सहा गिरणीवाल्यांचे डबे करायची. आमच्या घरात पणजीच्या खाणावळीचं कौतुक सगळ्यांनी ऐकलंय. ती का सुरू झाली, ते फार थोड्यांना माहीत होतं.

त्या पोरीचं नाव आजीला ठाऊक नव्हतं. घरात ते कुणी पुन्हा काढलंच नाही.

मी हे वैयक्तिक दुर्दैव समजत होते. एका अडाणी बाईच्या हातून झालेली चूक, असं मनात म्हणत होते, खोटं कशाला बोलू. मग शोधताना डॉ. बार्न्स भेटल्या. मुंबई सरकारने गिरणीतल्या बाळंतिणींची पाहणी करायला या डॉक्टर बाईंना नेमलं होतं. 1922 साली त्यांचा अहवाल आला. गिरणीत काम करणाऱ्या बायकांच्या शंभरातल्या 98 मुलांना अफू दिली जाते, असं त्यात आहे. अठ्ठ्याण्णव! म्हणजे चाळीतल्या एखाद्या खोलीतली ही गोष्ट नव्हती, जवळजवळ प्रत्येक खोलीतली होती. गिरणीचे अकरा तास, मूल ठेवायला जागा नाही आणि दुकानात परवान्याची अफू, या तिन्हींनी मिळून ती गोळी वळली होती. पणजीने ती फक्त हातात घेतली.

आणि सरकारला हे माहीत नव्हतं असंही नाही. पुण्याच्या सुंदराबाई पवार 1880 च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडला जाऊन अफूच्या व्यापाराविरुद्ध सभा घेत होत्या. असा दबाव वाढल्यावर 1893 साली अफूवर रॉयल कमिशन बसलं. त्याने 1895 मध्ये निष्कर्ष दिला की हिंदुस्थानात अफूचं खाणं फारसं बाधत नाही, बंदीची गरज नाही. मुंबईहून चीनला जाणारी अफू 1913 साली थांबली. परवान्याची दुकानं पुढेही चालू राहिली, आणि 1921 साली आमच्या चाळीत गोळी होती.

पुढे थोडं थोडं बदललं. मुंबई कौन्सिलात गिरणीतल्या बायकांना बाळंतपणाची पगारी रजा द्यावी असं बिल आलं, तेव्हा 1928 साली त्याच्या बाजूने उभे राहिलेल्यांत डॉ. आंबेडकर होते. त्या काळात ते परळच्या पोयबावडीला बीआयटी चाळीत राहात होते. भोवतालच्या खोल्यांत काय चालतं ते त्यांना अहवालातून कळायची गरज नव्हती. 1929 साली कायदा झाला, बाळंतिणीला दिवसाला आठ आणे. परळलाच 1926 मध्ये वाडिया मॅटर्निटी हॉस्पिटल सुरू झालं, 1929 मध्ये मुलांचं. होय, वाडिया तेच, 'कॉर्नवॉलिस' बांधणाऱ्यांच्या घराण्यातले, आता गिरणीवाले झालेले. आमची आई तिथे जन्मली, मीही तिथेच.

या सगळ्याचा एक नीट ताळेबंद मांडावा असं मला वाटत होतं. एका बाजूला हॉस्पिटलं, कॉजवे, शाळा, दुसऱ्या बाजूला चीनमधले अड्डे आणि लालबागची ती पोर. पण जमत नाही. कारण दोन्ही बाजूंना मीच आहे. माझे वडील जे. जे.त वाचले. मी वाडियात जन्मले. आणि ती पोर माझ्या आजीची थोरली बहीण. एवढं मात्र आता पक्कं समजलं की ज्यांनी पेट्या पाठवल्या त्यांची नावं दगडात कोरलेली आहेत, आणि जिला मोहरीएवढी गोळी मिळाली तिचं नाव तिच्या बहिणीलाही माहीत नव्हतं.

हे लिहावं की नाही, यावर घरात दोन तट पडले. मावशीचं म्हणणं, कशाला शंभर वर्षांपूर्वीचं उकरायचं, लोक काय म्हणतील, आपल्या आजीने स्वतःच्या पोरीला अफू घातली? आईला विचारलं. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "लिही. पण तिला अडाणी लिहू नकोस."

मावशी, म्हणून लिहिलं. अडाणी लिहिलेलं नाही. आधी मनात म्हटलं होतं तेही कबूल केलंय.

आणि आईच्या प्रश्नाचं उत्तर? नाही गं आई, त्या कादंबरीत तुझी आजी नाही. त्यात दीती आहे, बहराम आहे, जहाजं आहेत, आणि कादंबरी फार चांगली आहे. तुझी आजी या लेखात आहे.

परवा आमच्या वाण्याला विचारलं, खसखस कुठली? म्हणाला, "नीमच-मंदसोरची, ताई. नंबर एक." अजूनही तिथे सरकारी लायसन घेऊन अफूची शेती होते. चीक सरकार घेतं, औषधांसाठी. बोंडातले दाणे बाजारात येतात. मी पाव किलो घेतली. यंदाही अनारसे होतील, नणंदेचे बोडके आणि आमचे खसखशीचे.

लालबाग-परळच्या, गिरणगावातून आलेल्या घरांना एक विनंती. तुमच्या आजी-पणजीकडून कुणी बाळगोळीबद्दल काही ऐकलं असेल तर विचारून ठेवा. ज्यांना आठवतं अशी माणसं आता फार उरलेली नाहीत. आणि एखाद्या मुलीचं नाव कुणाला आठवत असेल, तर तेही लिहून ठेवा.